स्पिटफायर म्हणजे जॅग्वार आणि झिरो म्हणजे कोरोला? काहीही!

खटपट्या:
गेल्या आठवड्यात ‘रविवारचा वैमानिक’ यांनी इथे एक पोस्ट टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान आणि त्या देशाची मोटारगाडी शेजारी ठेवून बघा, देशाचा स्वभाव दिसतो. इंग्रजांचं स्पिटफायर देखणं, हाताला लोण्यासारखं, पण बांधायला किचकट आणि सांभाळायला नखरेल, म्हणजेच जॅग्वार. जर्मनांचं मेसरश्मिट काटेकोर, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, म्हणजेच मर्सिडीज. जपान्यांचं झिरो हलकं आणि थोडक्यात लांब जाणारं, म्हणजेच कोरोला. अमेरिकनांचं सगळंच मोठं, अगदी कॅडिलॅकच्या शेपटीच्या पंखांपर्यंत. आणि शेवटी ‘माणसं रक्तात असतं तेच लोखंडात ओततात’ हे वाक्य. खाली बदामांचा पाऊस आणि ‘काय निरीक्षण आहे सर’.

उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मेसरश्मिटपासून सुरू करू. त्याचं, म्हणजे बीएफ १०९ चं, पहिलं विमान १९३५ मध्ये उडालं तेव्हा त्यात रोल्स-रॉइसचं केस्ट्रेल इंजिन होतं, कारण जर्मन इंजिन वेळेत तयार नव्हतं. युद्धानंतर स्पेनने हेच विमान बांधलं ते मर्लिन घालून, म्हणजे स्पिटफायरचं इंजिन. पहिलं इंजिन इंग्रजी, शेवटचंही इंग्रजी. आता काढा रक्तगट.

अमेरिकेचं मस्टँग विमान घ्या. १९४० मध्ये मागणी नोंदवली इंग्रजांनी. आराखड्याचा मुख्य माणूस एडगर श्मूड, जन्माने जर्मन. पहिलं ॲलिसन इंजिन उंचावर दमायचं, म्हणून इंग्रजांनीच त्यात मर्लिन बसवून बघितलं, आणि मग ते मर्लिन अमेरिकेत बनवलं पॅकार्ड या मोटार कंपनीने. यातला अमेरिकन स्वभाव नेमका कुठल्या बोल्टमध्ये आहे?

बरं, एका देशाचं एकच विमान असतं का? १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत सर्वांत जास्त विमानं पाडली ती हरिकेन या दुसऱ्या इंग्रजी विमानाने. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर बरीचशी कापडाची गवसणी, गोळी आरपार गेली तर ठिगळ लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा आकाशात. नखरा शून्य. मग इंग्रजांचा स्वभाव हरिकेनसारखा का नाही? कारण ते फोटोत देखणं दिसत नाही! जर्मनांकडेही १०९ सोबत फोक-वुल्फ १९० होतं. त्याचा कर्ता कुर्ट टँक म्हणायचा की १०९ आणि स्पिटफायर ही शर्यतीची घोडी, मला पलटणीचं घोडं हवं होतं. एकाच देशात, एकाच दशकात, दोन उलट टोकं.

आणि झिरो हलकं का? त्याचा आराखडा करणाऱ्या जिरो होरिकोशीच्या हातात इंजिन होतं ९४० अश्वशक्तीचं आणि नौदलाला हवा होता प्रचंड पल्ला, वेग आणि चपळपणा, सगळं एकदम. मग वैमानिकाच्या पाठीमागचं चिलखत गेलं, गोळी लागली तरी आपोआप बुजणाऱ्या टाक्या गेल्या. याला स्वभाव म्हणत नाहीत, टंचाई म्हणतात.

आधी निष्कर्ष ठरवायचा, मग त्याला शोभेल ते विमान आणि शोभेल ती गाडी निवडायची. बादरायण संबंध दुसरा कशाला म्हणायचा?

वाचनमात्र:
+१. बसलोय शेंगदाणे घेऊन.

रविवारचा वैमानिक:
खटपट्या साहेब, माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. पोस्ट नीट वाचली असतीत तर आणखी आभार मानले असते.

इंजिन कुणाचं होतं हा माझा मुद्दाच नव्हता. प्रश्न समोर आल्यावर माणूस कुठला मार्ग निवडतो, हा होता. इंधन इंजिनाला कसं पाजायचं हा प्रश्न दोघांपुढेही होता. जर्मनांनी डाइमलर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या, डीबी ६०१ इंजिनात थेट इंजेक्शन घातलं. पंप महाग, यंत्रकाम नाजूक, तरी घातलं, कारण विमान कसंही उलटंपालटं झालं तरी मात्रा चुकता कामा नये. इंग्रजांनी कार्बोरेटर ठेवला. पुढे १९५४ मध्ये त्याच डाइमलर-बेंझने ३०० एसएल ही मर्सिडीज रस्त्यावर आणली, थेट इंजेक्शनसकट. हा योगायोग? आणि ई-टाइप जॅग्वारचा तो आकार काढणारा माल्कम सेयर आधी कुठे होता? ब्रिस्टल विमान कंपनीत. हाही योगायोगच असेल!

अनुभवाचं बोलतो. मी आखातात नोकरीला असताना दोन गाड्या वापरल्या. एक इंग्रजी, एक जर्मन. नावं घेत नाही, उगाच वकिलाची नोटीस नको. इंग्रजी गाडीत बसलं की राजा झाल्यासारखं वाटायचं, आणि दमट हवा पडली की तिचे दिवे स्वतःच्या मर्जीने लागायचे. जर्मन गाडीने कधी हसवलं नाही, कधी रडवलंही नाही. फक्त सर्व्हिसचं बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. ज्याने या गाड्या रोज चालवल्यात त्याला स्वभाव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ज्याने फक्त वाचल्यात त्याला सांगून उपयोग नाही.

ढब्बू पैसा:
वैमानिक काका, मग अमेरिकन स्वभावाचं एक विमान मी सांगते. बेल पी-३९. कॉकपिटला चक्क मोटारीसारखं दार, काच खाली-वर करायला हँडल. इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, इंजिनाचा दांडा वैमानिकाच्या पायांमधून पुढे पंख्याकडे. इंजिन ॲलिसनचं, आणि ॲलिसन म्हणजे जनरल मोटर्सचा विभाग. याहून जास्त ‘मोटारगाडी’ विमान कुठे मिळणार? पण अमेरिकन वैमानिकांना ते फारसं रुचलं नाही, कारण उंचावर दम नाही. आणि कुणाला आवडलं? सोव्हिएत वैमानिकांना! त्यांची लढाई खालच्या उंचीवर चालायची. अमेरिकन रक्ताचं विमान रशियन रक्ताला मानवलं. पुढची पोस्ट रक्तदान शिबिरावर टाका.

कॅडिलॅकचे शेपटीचे पंखही तुमच्या यादीत होते. जनरल मोटर्सच्या गाड्यांचे आकार ठरवणाऱ्या हार्ली अर्लने पी-३८ लायटनिंग हे लढाऊ विमान पाहिलं, विमानाची दोन शेपटं त्याच्या मनात भरली, आणि १९४८ च्या कॅडिलॅकवर ती उगवली. १९५९ पर्यंत एवढी वाढली की मागच्याने जपून चालवावं. पण ती नक्कल होती हो, शोभेची. विमानात शेपटाला काम असतं.

बाय द वे, स्वीडन तर युद्धात नव्हताच. तरी तिथल्या साब या विमान कंपनीने मोटार केलीच. त्याचं काय करायचं?

रविवारचा वैमानिक:
साबचं उदाहरण दिल्याबद्दल धन्यवाद, ते माझ्याच बाजूचं आहे. १९४९ च्या शेवटी उत्पादनाला लागलेली साब ९२ बघा, विमानाच्या पंखाचा उभा छेद रस्त्यावर ठेवावा तसा आकार. वारा कापण्याच्या नादात डिकीला बाहेरून झाकणच ठेवलं नाही! सामान काढायचं तर मागची सीट पाडून आतून. विमानवाले असेच विचार करतात.

ढब्बू पैसा:
विमानवाले, हो. स्वीडिश, नाही. तुम्ही स्वतःवरच गोल केलात काका.

गुर्जी:
दोन्ही बाजूंनी कार्बोरेटरवर अन्याय चालला आहे, म्हणून मध्ये पडतो.

मर्लिनमध्ये कार्बोरेटर ठेवला तो आळसाने किंवा परंपरेच्या प्रेमाने नव्हे. तो सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाच्या, आधी होता. पेट्रोलची वाफ होताना हवा गार होते, गार हवा दाट असते, दाट हवा जास्त मावते, म्हणजे शक्ती वाढते. रोल्स-रॉइसचा तो हिशोबी सौदा होता. किंमत मोजावी लागली ती हवेतल्या झटापटीत. १०९ चा वैमानिक अडचणीत आला की सरळ नाक खाली दाबून पळायचा. मागचा स्पिटफायरवाला तसंच करायला गेला की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल वर छताला जाऊन चिकटायचं. आधी इंजिन उपाशी, मग एकदम पूर, धूर काढत खोकायचं. म्हणून इंग्रज आधी अर्धी कोलांटी घेऊन मग खाली झेपावत. तेवढ्यात सावज पसार.

यावर १९४१ मध्ये उतारा काढला फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या बिॲट्रिस शिलिंग या बाईंनी. मधोमध भोक असलेली पितळेची छोटी चकती, इंधनाच्या वाटेत बसवायची, म्हणजे पूर येणार नाही. विमान सेवेतून न काढता, तळावर जाऊन बसवता येईल अशी. या बाई मोटरसायकल शर्यतीत उतरायच्या, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टनवर ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारून त्यांनी सुवर्णतारा मिळवला होता. इंग्रजी विमानाला वाचवलं ते मोटरसायकलवालीने. हा दुवा दोघांच्याही लिखाणात नाही, याचं आश्चर्य वाटलं. असो. वाचन कमी झालंय.

मावळतीचा मेकॅनिक:
नमस्कार मंडळी. विमानातलं मला काय कळत नाही, पण गुर्जींनी फ्लोटचा विषय काढला म्हणून लिहितो. कोरेगावला माझं गॅरेज होतं, आता पोरगा बघतो, त्याला बॅटरीवाल्या गाड्या बऱ्या वाटतात.

बजाज स्कूटर थंडीत सुरू होईना की लोक काय करायचे? स्टँडवरून काढायची, एका अंगावर तिरकी करायची, पुन्हा सरळ, मग किक. घराघरात हे चालायचं. ती काय जादू नव्हती. तिरकी केली की कार्बोरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, हलतो, सुई उचलते, चार थेंब पेट्रोल जास्त उतरतं, मिक्श्चर घट्ट होतं, गाडी घेते. म्हणजे तुमचं स्पिटफायर ज्या दुखण्याने मरत होतं त्याच दुखण्यावर आमच्या स्कूटरी सुरू व्हायच्या.

कोथरूडकर जुना:
मेकॅनिक दादा, दंडवत घ्या. आमच्या वडिलांची चेतक आम्ही रोज सकाळी डावीकडे तिरकी करायचो. बुकिंग करून नंबर लागायला वर्षं जायची तेव्हाची गोष्ट. ती घरी आली त्या दिवशी पेढे वाटले होते.

ढब्बू पैसा:
डावीकडे? इंजिन उजवीकडे असतं. उजवीकडेच तिरकी करायची. आमच्याकडे आई करायची, साडी खोचून.

कोथरूडकर जुना:
ताई, इंजिन उजवीकडे म्हणूनच डावीकडे! उजवीकडे नेली तर ते सगळं वजन पायावर. माणूस डाव्या बाजूला उभा असतो, हँडल धरतो आणि आपल्या अंगावर घेतो. साधं शास्त्र आहे.

नाव ठेवलं नाही:
तिरकी करणं ही निव्वळ अंधश्रद्धा. सीटखाली चोक होता. तो ओढायचा सोडून अख्खा महाराष्ट्र स्कूटरला वाकवत बसला. आमचे शेजारी तर चालू गाडीलाही सिग्नलवर तिरकी करायचे.

मावळतीचा मेकॅनिक:
चोक होता साहेब, पण त्याची वायर जाम असायची. दहातल्या आठ गाड्यांची. किती बदलल्यात त्याचा हिशोब नाही.

नाव ठेवलं नाही:
आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की तिरकी करायचे ते वेगळं कारण आहे. टाकीच्या कोपऱ्यातलं पेट्रोल कॉकपर्यंत यावं म्हणून. तुमच्या फ्लोटचा संबंध नाही.

मावळतीचा मेकॅनिक:
ते रस्त्यात बंद पडल्यावर. मी सकाळचं बोलतोय. मी उघडून बघितलेत कार्बोरेटर, तुम्ही काय बघितलंय?

खटपट्या:
अहो मंडळी, धागा विमानांचा आहे.

कोथरूडकर जुना:
विमानाचाच चाललाय की. व्हेस्पा कोणी काढली? कोराडिनो दास्कानिओ. विमान-हेलिकॉप्टरचा माणूस, १९३० मध्ये त्याचं हेलिकॉप्टर उडालं होतं. पियाजिओ बॉम्बर बनवायची, पोंतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यात भाजून निघाला. युद्ध हरल्यावर विमानं कोण घेणार? लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. दास्कानिओला मोटरसायकल आवडायचीच नाही, कपडे खराब होतात, पंक्चर काढायला अर्धी गाडी खोलावी लागते. म्हणून त्याने पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकाच्या पायासारखं, आणि इंजिन थेट मागच्या चाकाला चिकटवलं म्हणजे साखळीच नको. १९४६ ची गोष्ट. पुढे परवाना पुण्यात आला, आणि आकुर्डीतून आपल्या घरी चेतक. मी सांगतो, महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या विमानाच्या पुढच्या पायावर भाजी आणायला गेल्यात.

रविवारचा वैमानिक:
हे बघा! मी एवढ्यासाठीच म्हणत होतो. आता एक गंमत ऐका. इटलीच्या सर्वांत चांगल्या लढाऊ विमानांपैकी एक, माकी २०२. त्याचा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर लांब होता. पंखा फिरला की विमान एका अंगावर झुकतं, ते सावरायला. दुसरा कोणी असता तर शेपटीत काहीतरी ठाकठीक करून बसला असता. इटालियन माणसाने पंखच लांब केला. आणि तुमची व्हेस्पा? इंजिन उजवीकडे, तोल गेलेला, स्वार थोडा डावीकडे सरकून बसलेला. कान साफ करून ऐका: तिरकेपणा, आणि तरी देखणेपणा. हा इटालियन स्वभाव नाही तर काय आहे?

खटपट्या:
माकी २०२ मध्ये इंजिन कुठलं होतं ते सांगायला विसरलात. डीबी ६०१. जर्मन. तुमच्या मर्सिडीजच्या स्वभावाचं, काटेकोर, थेट इंजेक्शनवालं. परवान्यावर बांधलं अल्फा रोमिओने. आता त्या विमानाचा स्वभाव काटेकोर की तिरका?

आणि तो कारागिरीचा मुद्दा. इंग्रज म्हणजे हाताने घासून बसवणारे, अमेरिकन म्हणजे पट्ट्यावर ओतणारे, हा तुमचा आवडता सिद्धांत. फोर्डच्या इंग्लंडमधल्या माणसांना मर्लिनचे आराखडे दिले तेव्हा ते म्हणाले, या मापांवर आम्ही इंजिन बनवू शकत नाही. रोल्सवाल्यांना वाटलं, मापं फार कडक असतील. उलट होतं. फोर्डला मापं फार ढिली वाटली! रोल्सकडे कुशल कामगार शेवटी घासूनपुसून एकेक भाग जुळवायचे. फोर्डला कुठलाही भाग कुठल्याही इंजिनात बसायला हवा होता. मग सगळे आराखडे नव्याने काढले आणि मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधून ३०,००० च्या वर मर्लिन बाहेर पडली.

रविवारचा वैमानिक:
फोर्ड अमेरिकन आहे ना? मग हे माझ्याच म्हणण्याला पुष्टी देतंय. 

खटपट्या:
कामगार मँचेस्टरचे होते! तेच इंग्रज रक्त, तेच पावसाळी गाव. पद्धत बदलली आणि ‘स्वभाव’ एका वर्षात बदलला. तुमच्यासारख्यांना पुरावा दाखवला तरी तो तुम्ही घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवणार. चर्चा करण्यात अर्थ नाही.

रविवारचा वैमानिक:
‘तुमच्यासारख्यांना’ म्हणजे? भाषा सांभाळा. मी वयाने मोठा असेन तुमच्याहून. विमानाचा कॉकपिट मी आतून बघितलाय, तुम्ही चित्रात.

संपादक:
यापुढचे चार प्रतिसाद काढले आहेत. स्कूटरविषयीचे ठेवले आहेत, लोक आवडीने वाचत आहेत.

इझारकाठची मुग्धा:
मी म्युनिकला राहते. इथून जवळ श्लाइसहाइमला विमानांचं संग्रहालय आहे. तिथे जर्मन विमानांच्या रांगेत एक भारतीय वायुदलाचं विमान उभं आहे. एचएफ-२४ मारुत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, अरे हे इथे काय करतंय? तर वर खटपट्यांनी ज्याचं वाक्य दिलंय त्याच कुर्ट टँकचं ते. युद्धानंतर अर्जेंटिना, आणि १९५६ पासून बंगळूर. मारुत पहिल्यांदा उडालं १७ जून १९६१ ला. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत तो शिकवायचाही, अब्दुल कलाम त्याचे विद्यार्थी.

आता माझा मुद्दा. पलटणीचं घोडं मागणारा हाच माणूस. आणि मारुतचं दुखणं काय होतं? आराखडा देखणा, पण त्याला साजेसं ताकदवान इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. ब्रिटिश ऑर्फियसवर भागवावं लागलं, ध्वनीच्या वेगाशी येऊन दमायचं. टँकचा स्वभाव बंगळूरला येऊन बदलला नव्हता. हाताशी काय आहे ते बदललं होतं. म्हणून मी खटपट्यांच्या बाजूची.

पण पूर्ण नाही. खटपट्या सगळंच टंचाईवर ढकलतात तेही पटत नाही. जपानवर १९४५ ते १९५२ विमानं बनवायला बंदी होती. मग विमानांचे अभियंते गेले कुठे? नाकाजिमा कंपनीतला मोमोसे शिनरोकू पुढे सुबारू ३६० करतो, १९५८ मध्ये. पातळ पत्रा, वेगळी चेसीस नाही, अख्खं कवचच भार पेलतं, वजन ४०० किलोंच्या आत. ताचिकावा कंपनीत उंचावरचं लढाऊ विमान आखणारा हासेगावा तात्सुओ पुढे टोयोटात जातो आणि १९६६ ची पहिली कोरोला करतो. म्हणजे वैमानिक काकांचं ‘झिरो म्हणजे कोरोला’ हे चुकलेलं असलं तरी अगदी हवेतलं नाही. झिरोवाल्याने नाही, पण विमानवाल्यानेच केली ती. साम्य आहे. ते देशाच्या रक्तातून आलं नाही, बेकार झालेल्या माणसांच्या वह्यांतून आलं.

खटपट्या:
मुग्धाताई, सुबारूत ३६० सीसी का, तर सरकारी नियमाने छोट्या गाडीची ती मर्यादा घातली होती म्हणून. तोही स्वभाव नाही, गॅझेट.

बाकी माणसांच्या वह्यांचं म्हणता ते ठीक. दास्कानिओ, सेयर, मोमोसे, हासेगावा. एवढे चार मान्य करतो. चार माणसं म्हणजे राष्ट्र नव्हे.

रविवारचा वैमानिक:
‘अगदी हवेतलं नाही’ याबद्दल मुग्धाताईंचे आभार. विमानावरच्या लेखाला याहून मोठी शाबासकी कुठली! खटपट्यांनी चार माणसं मान्य केली, पुढच्या आठवड्यात पाचवं शोधून आणतो. तेवढं राष्ट्राला पुरेल का ते त्यांनी आधीच सांगावं.

सोलापुरी चादर:
सगळे परदेशात फिरून आलात, पण एकाला आपल्या माणसाची आठवण नाही. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा. १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे पुढची फियाट, पुढची पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी. देशाचं विमान आणि देशाची मोटार यांचा संबंध शोधताय ना? एकाच माणसाने दोन्ही कारखाने सुरू केले. आणि गोऱ्या सरकारने मोटारीला मदत करायला टाळाटाळ केली, विमानाचा कारखाना १९४२ मध्ये ताब्यात घेतला. हे पुण्या-मुंबईच्या लोकांना दिसणार नाही. सोलापूर म्हटलं की फक्त शेंगाचटणी.

रविवारचा वैमानिक:
उत्तम मुद्दा. मग भारतीय स्वभाव काय निघतो? पद्मिनी इटालियन, ॲम्बेसेडर इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्ड, मारुत जर्मन.

ढब्बू पैसा:
जे मिळेल ते चालवणं.

खटपट्या:
तो स्वभाव नाही, परवाना राज होतं! किती वेळा सांगायचं!

सोलापुरी चादर:
विषय वालचंदांचा होता. घातलंत ना त्यावर पाणी.

कोथरूडकर जुना:
मेकॅनिक दादा, मूळ प्रश्न राहिलाच. डावीकडे की उजवीकडे?

मावळतीचा मेकॅनिक:
उभा राहशील त्या अंगाला. माझ्या गॅरेजला डावीकडे भिंत होती म्हणून मी उजवीकडे न्यायचो. गिऱ्हाईक बघून बघून तसंच करायला लागलं, मग त्यांची पोरं.

नाव ठेवलं नाही:
म्हणजे अंधश्रद्धाच.

मावळतीचा मेकॅनिक:
बरं बाबा, अंधश्रद्धा. गाडी सुरू व्हायची एवढं खरं.

इझारकाठची मुग्धा:
दादा, एक विचारू? बाबांची चेतक अजून साताऱ्याला घरी पडून आहे. पुढच्या सुट्टीत सुरू करून बघायची आहे. कार्बोरेटरचा फ्लोट गेलाय म्हणाला तिथला एक जण, आणि आता मिळत नाही म्हणाला.

मावळतीचा मेकॅनिक:
मिळतो. पुण्यात नाना पेठेत जा, दोन-चार दुकानं फिरावी लागतील. जुना फ्लोट सोबत ने, दाखवून घे, आणि हलवून बघ, आत पेट्रोल वाजलं तर तो फुटका. सुई पण नवीनच घाल. टाकीला गंज असेल, ती आधी खडे घालून धुवायला सांग, नाहीतर नवा फ्लोट घालूनही तीच बोंब. कोणी हजाराच्या वर मागितले तर मला इथे कळव.